अर्ली गेला

केस सुकवायच्या यंत्राखाली बसलेल्या बाईला बाहेरचं काही ऐकू येत नाही, अशी आपली माझी समजूत. ग्लिनिसच्या पार्लरमध्ये शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. केस सरळ करायच्या गरम कंगव्याचा आणि तेलाचा वास नाकात बसलेला, आणि प्रत्येकीच्या तोंडी कुणाच्या तरी नवऱ्याची गोष्ट. ग्लिनिसने फोनवर माझा अल्बम लावला होता. सोमवारी तो छापायला जायचा होता, आणि सगळ्या डरहॅम शहराच्या आधी आपल्याला ऐकायला मिळाला याचा तिला कोण अभिमान! मी बेसिनमध्ये मान टाकून 'बंद कर गं बाई, लाज वाटते' म्हणत होते, आणि आवाज अजून थोडा वाढवला तर हिचं काय बिघडेल, असं मनात म्हणत होते. तेवढ्यात 'अर्ली गेला' लागलं. अल्बमचं नावच ते. माझ्या डॅडींचं गाणं, डॅडी कामावर जाताना म्हणायचे ते. माझ्या डाव्या हाताला मिस अर्व्हेला स्नाइप्स यंत्राखाली बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, डोळे मिटून. चर्चमध्ये त्यांना लांबून नमस्कार करण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. दुसरं कडवं चालू असताना त्यांनी डोक्यावरचं झाकण स्वतःच्या हाताने वर ढकललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "त्याचं नाव घेताना हसतेस कशाला गं तू?"

"कुणाचं नाव, मिस अर्व्हेला?"

"कुणाचं म्हणजे? अर्लीचं. माझ्या भावाचं."

ग्लिनिसला हसू आलं. "अहो, ते अर्ली म्हणजे लवकर हो. सकाळी लवकर गेला, कामावर. मिस मोझेलचे वडील तंबाखूच्या कारखान्यात होते ना, पहिल्या पाळीला."

"मला भाषा शिकवू नकोस, ग्लिनिस. तुझ्या आईला मुळाक्षरं मी शिकवलीत," मिस अर्व्हेला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, आवाज जरासुद्धा न चढवता, "अर्ली स्नाइप्स. माझा थोरला भाऊ. आणि गाणं माझ्या आईचं." एवढं बोलून त्यांनी झाकण पुन्हा खाली ओढलं आणि डोळे मिटून घेतले. ग्लिनिसने घाईघाईने पुढचं गाणं लावलं, आणि माझ्या मानेखाली गार पाणी शिरलं तरी मी हलले नाही.

आता अर्ली नावाची माणसं आमच्याकडे नसतात असं नाही. जुन्या लोकांत असायची. पहाटे जन्मला म्हणून अर्ली, दिवस भरायच्या आत जन्मला म्हणून अर्ली. पण इतकी वर्षं ते गाणं गाताना माझ्या मनाला ही गोष्ट एकदाही शिवली नव्हती. घरी येऊन केस तसेच ओले ठेवून मी टेबलापाशी बसले आणि गाणं लावलं. माझाच आवाज, मीच वाजवलेली गिटार, आणि मी चोरून ऐकत बसल्यासारखी. त्या गाण्याचं सगळं माझ्या अंगात कुठे कुठे आहे ते मला ठाऊक आहे. डॅडी पहाटे उठायचे, ममा झोपलेलीच असायची. ते कोट घालताना गाणं म्हणायचे, बूट घालताना म्हणायचे. दाराशी भिंतीला टेकवलेली गिटार उचलून, उभ्या उभ्या, दोन कडवी वाजवल्याशिवाय त्यांचा पाय घराबाहेर पडायचा नाही. मी पांघरुणातून डोकं काढून बघायची. 'अर्ली' म्हटलं की ते माझं नाक चिमटीत धरायचे, दर वेळी, आणि मी दर वेळी हसायची. त्यांच्या बोटांना तंबाखूचा गोडसर वास यायचा. तेव्हा तो सगळ्या शहरालाच यायचा. गिटारवरच्या अंगठ्याबद्दल ते मला सांगायचे, "टीनू, अंगठ्याला नोकरी असते, त्याने ठरल्या वेळेला जायचं. बोटांचं काय, ती गावभर हिंडतात." त्या 'अर्ली गेला'ची प्रत्येक ओळ संपते तिथे, त्यांच्या बोटांची एक अशी झटक्यात वर चढून उतरणारी धाव होती की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. मला ती साधायला कितीतरी वर्षं लागली. कुठेही वाजवायला गेले तरी लोक त्या धावेसाठी थांबतात, ती आली की टाळ्या पडतात, आणि मी मनात म्हणते, डॅडी, बघा.

आणि रेकॉर्डवर मी खरंच हसले होते. दुसऱ्या कडव्यात 'अर्ली' म्हणताना नाक चिमटीत धरल्याची आठवण झाली आणि हसू फुटलं. केंडलला, म्हणजे आमच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोराला, ते इतकं आवडलं की "मिस मोझेल, याला हात लावायचा नाही, सोनं आहे हे," असं म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. मी पुन्हा लावलं. अर्ली गेला, चूल कोण पेटवणार. अर्ली गेला, कुत्रं उंबऱ्यावरून हलत नाही. अर्ली गेला, ताटली त्याची पालथीच. आयुष्यभर मला वाटत आलं, हे बायकोचं लाडिक कुरकुरणं आहे. नवरा अंधारातच कामाला पळाला, चूल तशीच, कुत्रं वाट बघतंय, न्याहारीसुद्धा न करता गेला. आमच्याकडे ताटल्या टेबलावर पालथ्या मांडायची रीत होती, जेवणारा बसला की आपली आपण सुलटी करतो. खाल्लं नाही तर पालथीच राहायची. आता तेच शब्द, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, एकेक करून उलटे झाले. एक पोरगा घरातून गेला. चूल पेटवायचं काम त्याचं होतं. कुत्रं त्याचं होतं. जेवायला सगळे बसतात आणि एक ताटली पालथीच राहते, आणि मी हसतेय. मी गाणं बंद केलं आणि स्वयंपाकघरात उगाचच भांडी विसळत राहिले.

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आधी मिस अर्व्हेलांवर आला. म्हाताऱ्या माणसांना सगळी गाणी आपल्याच घरची वाटतात. अल्बमच्या पुठ्ठ्यावर प्रत्येक गाण्याखाली कर्त्याचं नाव असतं, ठाऊक नसेल तर 'पारंपरिक' लिहितात. डॅडी म्हणायचे, हा पारंपरिक नावाचा माणूस कोण आहे ते मला एकदा बघायचंय, अर्ध्या जगाची गाणी एकट्याने केलीत लेकाने. 'अर्ली गेला'च्या खाली मी अभिमानाने तेच लिहिलं होतं, आणि पुढे, माझे वडील लिनवुड पेटिफर्ड यांच्याकडून. मग राग डॅडींवर वळला. ते हॉ नदीच्या पलीकडचे, चॅटम परगण्यातले. मिस अर्व्हेलाही तिकडच्याच, हे मला चर्चमधल्या बोलण्यातून ठाऊक होतं. म्हणजे डॅडींना माहीत होतं का? माहीत असून त्यांनी ते गाणं असं नाचरं केलं, लेकीचं नाक धरून? का माहीतच नव्हतं, रस्त्यावरून जाताना कानावर पडलं आणि उचललं? दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी माझ्या पहाटेचं काय होतं? माझ्याजवळ त्यांचं दुसरं काही नाही. गिटार ममाने विकली, फोटोत ते कुणासारखेही दिसतात. त्या गाण्यात तेवढे ते कोट घालतात, बूट घालतात, दाराशी उभे राहतात. ते गाणं दुसऱ्या कुणाचा तरी शोक आहे म्हटल्यावर डॅडी उभे कुठे राहणार? हे मी भांडी विसळत स्वतःलाच विचारलं आणि मला रडू आलं.

रविवारी चर्च सुटल्यावर मी पाउंड केक आणि गिटार घेऊन मिस अर्व्हेलांकडे गेले. म्हाताऱ्या लोकांसाठी बांधलेल्या इमारतीत त्यांची एक खोली आहे. त्यांनी दार उघडलं, केककडे बघितलं, गिटारकडे बघितलं.

"केक आत घे. ती गिटार काय माझ्यासाठी आणलीस?"

"तुम्हाला गाणं ऐकवायचं होतं. नीट."

"काल नीट नव्हतं?"

त्यांनी गार चहा ओतला, बर्फ टाकला, केकचा तुकडा कापून आधी स्वतः चाखला. "लोणी कमी पडलंय. पण खाण्यासारखा आहे," म्हणाल्या. रात्रभर मी ते गाणं बदललं होतं. संथ केलं होतं, सूर खाली आणला होता, जिथे हसले होते तिथे आवाज जवळजवळ मिटवला होता. ते मी त्यांना म्हणून दाखवलं. डोळे मिटून, अगदी जीव ओतून. मला वाटलं, संपल्यावर त्या हातात हात घेतील. डोळे उघडले तर मिस अर्व्हेला माझ्याकडे बघत होत्या, तिसरीतल्या मुलीने पाढे चुकवले की बाई बघतात तशा.

"मर्तिकाला आलीस का?"

"मला वाटलं..."

"त्याला मारून टाकलंस तू. तो मेला असं कोण म्हणालं तुला? आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. माझी आई असं कण्हत गायची नाही, बेबी. तुझं कालचं बरं होतं, हसणं सोडलं तर. आई मोठ्याने गायची. ह्या इथून तिथे ऐकू जाईल असं."

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, केक खात, मधेच खिडकीखाली कुणाची गाडी लागली ते बघत. अर्ली लाकडाच्या गिरणीत कामाला जायचा, मिसरूड फुटलं नव्हतं अजून. एक दिवस सकाळी गेला तो आलाच नाही. गिरणीवाले म्हणाले, आमच्याकडे पोचलाच नाही. कुणी म्हणालं रेल्वेच्या कामावर गेला, कुणी म्हणालं उत्तरेला, कुणी नदीचं नाव घेतलं, ते आई ऐकून घ्यायची नाही. काळ्या पोराला शोधत कोण फिरणार होतं तेव्हा? आईला लिहिता येत नव्हतं, आणि लिहायचं तरी कुठे? त्यांचं घर मोठ्या रस्त्याला लागून होतं. तंबाखूच्या गाड्या, कामाच्या शोधात निघालेली माणसं, पेट्या घेऊन उत्तरेला चाललेली कुटुंबं, सगळी तिथूनच जायची. आई संध्याकाळी अंगणाच्या टोकाला उभी राहून गायची. "लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलं. फिरलं कुठलं! गाणं सोपं केलं होतं तिने, एकदा ऐकलं की तोंडात बसेल असं. चालणारा माणूस गाणं सोबत नेतोच. तो नेईल, दुसऱ्याला देईल, कुठेतरी गिरणीत, गोदीवर, कोणीतरी गुणगुणेल आणि अर्ली ऐकेल. आपली चूल, आपलं कुत्रं, आपली ताटली. ऐकेल आणि समजेल की घरी रागावलेलं नाही कोणी."

"म्हणजे लोकांनी न्यावं म्हणूनच होतं ते?"

"मग काय! तुझ्या बापाने नेलं ते बरंच केलं. डरहॅमपर्यंत आणलं. पण येता येता नाव सांडून आला गं. लवकर म्हणे! आईच्या डोक्यात कधी आलंच नसेल की लोकांना ते नाव वाटणार नाही. आमच्या घरात अर्ली एकच होता."

मी विचारलं, डॅडींना ठाऊक होतं का. हे विचारायलाच मी आले होते. मिस अर्व्हेलांनी विचार केला, खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "पेटिफर्डांची मुलं यायची गुरं घेऊन. त्यांतला एक आईच्या मागे मागे म्हणायचा, रस्त्यावरून. तो तुझा बाप असेल, नसेल. केवढंसं पोर ते, त्याला काय ठाऊक असणार." त्यांनी बशीतले कण बोटाने टिपले. "आणि असलं ठाऊक तरी काय करणार आहेस आता? भांडायला जाणार आहेस?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग मी म्हणाले, तुम्ही म्हणाल तर मी ते गाणं काढून टाकते, उद्याच सांगते केंडलला. हे बोलताना मला वाटत होतं की त्या नको म्हणतील, आणि हो म्हणाल्या तर काय, अशी भीतीही होती. त्या म्हणाल्या, "काढू नकोस. माझ्यामागे त्याचं नाव घेणारं कोणी नाही. पण नाव म्हणून घे." मी विचारलं, ते कसं? पुठ्ठ्यावर लिहीन, पण पुठ्ठा कोण वाचतं? ऐकणाऱ्याला कसं कळावं? शब्द तोच, उच्चार तोच. "ते मला काय विचारतेस? गाणारी तू," मिस अर्व्हेला म्हणाल्या. "पण मला ने उद्या. बघते मी."

केंडलचा स्टुडिओ डॅडींच्याच कारखान्यात आहे, म्हणजे कारखाना होता तिथे. खाली आता कॉफीची दुकानं आहेत, वर लोक राहतात, आणि पावसाळी हवेत अजूनही विटांमधून तो गोडसर वास येतो, निदान मला येतो. केंडल आमची वाट बघत जिन्यातच उभा होता.

"मिस मोझेल, आज पाठवायचंय सगळं. त्या गाण्याला काय झालंय? अल्बमचं नाव आहे ते. त्यातली ती गिटारची धाव ऐकूनच तर लोक घेणार आहेत."

"पुन्हा म्हणायचंय. एकदाच. तुला वेळ नसेल तर अल्बम थांबव."

"अहो, थांबव काय! आणि या कोण?"

"मी अर्लीची बहीण," मिस अर्व्हेला म्हणाल्या. "खुर्ची आण, बाळा. पाठीला टेकता येईल अशी."

त्याने खुर्ची आणली. कोट न काढता, पर्स मांडीवर घेऊन त्या खोलीतच बसल्या, माझ्यापासून थोड्या लांब. मी गिटार जुळवली. वेग डॅडींचाच ठेवला, अंगठ्याला नोकरीवर पाठवलं. पण तोंड उघडण्याआधीच माझ्या लक्षात आलं की माझी बोटं त्या धावेसाठी दबा धरून बसली आहेत. ओळ संपली की ती पळणार, मी सांगो न सांगो. आणि तिथेच सगळं बिघडत होतं. कुणाला हाक मारली आणि लगेच स्वतःच बडबडायला लागलं तर ती हाक कसली? हाक मारणारं माणूस थांबतं. अंगणात उभं राहून हाक मारलेली मी खूप ऐकली आहे, ममाची ऐकली आहे. नावाचं शेवटचं अक्षर लांबतं आणि मग कान लावून उभं राहतात. डॅडींनी नेमकं ते थांबणं बुजवून टाकलं होतं. ती धाव म्हणजे सगळ्यात जास्त डॅडी, आणि तिच्यावाचून मी ते गाणं आजवर कधी म्हटलं नव्हतं. सॉरी डॅडी, असं मी चक्क तोंडाने म्हणाले. काचेपलीकडे केंडलने काय म्हणून भुवया उंचावल्या, मी हाताने त्याला काही नाही म्हटलं.

मग मी म्हणाले, "अर्ली..." खोलीपुरतं म्हणाले नाही, रस्त्यापर्यंत जाईल असं, पोटातून, म्हटलं. "अर्ली गेला, चूल कोण पेटवणार." ओळ संपली. अंगठा चालत होता. बोटं मी तारांवरून उचलली आणि वर धरून ठेवली. केंडलने काचेतून मान हलवली, काहीतरी विसरलं असं त्याला वाटलं असणार, त्याचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. मिस अर्व्हेलांचा, पण शाळेतला नाही, चर्चमधला नाही. बारीक, स्पष्ट आणि लांबून आल्यासारखा. मोठ्या रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन बघून ये म्हणून जिला पाठवलं आहे, ती पोरगी तिथून ओरडून घरी सांगते तसा.

"अजून नाही दिसत, ममा!"

केंडलचा हात होता तिथेच राहिला. मी वळून बघितलं नाही. अंगठा चुकला नव्हता, पुढच्या ओळीची वेळ झाली होती, आणि मी पुन्हा हाक मारली.